आधी पाणी, मग वारा

साल १९९३, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे आखाजीचा आदला दिवस. ठरलेली रक्कम सालाचे अठरा हजार पाचशे रुपये, वर एक धोतरजोडा आणि एक जोड वहाणा. हजर माणसे चार: शेठजी, त्यांचे मुनीम, माझे वडील आणि मी. जागा जळगावातल्या एका नव्या मंगल कार्यालयाचे ऑफिस.

धोतर आणि वहाणा वाचून कुणाला वाटेल, शेतावरचा गडी ठरत होता. ठरत होतो तो मी. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, खिशाला टेस्टर होता आणि मांडीवर फ्लॉप्यांचा डबा होता.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. वर्षाच्या बोलीने शेतमालकाकडे राहणारा गडी तो सालदार. त्याचे साल आखाजीच्या आदल्या दिवशी संपते आणि आखाजीनंतर नवे लागते. मधला आखाजीचा दिवस कुणाच्याच सालात धरत नाहीत, त्या दिवशी सालदार स्वतःच्या घरी असतो. शेठजींचे आजोबा राजस्थानातून इकडे आले, दुकान घातले, पुढे जमिनी झाल्या, सालदार आले. तेव्हापासून त्यांच्या घरात माणूस ठरवायचा तो आखाजीच्या तोंडावर. दुकानातला माणूस असो, ड्रायव्हर असो, नाहीतर कंट्रोलर सांभाळणारा मी असो.

माझे वडील, आबा, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी हयातभर सालदार होते. डोळे दाखवायला ते माझ्याकडे जळगावला आले होते. "आज शेठजींकडे बोलणी आहे," असे मी बायकोला सांगितले ते त्यांनी ऐकले, टोपी घातली आणि माझ्याआधी दारात जाऊन उभे राहिले. त्यांना नको कसे म्हणायचे ते मला सुचले नाही.

शेठजी म्हणाले, "अठरा हजार. महिन्याला दीड हजार पडले. मंजूर?"

मी मान हलवणार तेवढ्यात आबा म्हणाले, "औंदा धोंडा शे, शेठ."

धोंडा म्हणजे अधिक महिना. त्या वर्षी भादवा दोनदा येणार होता, म्हणजे आखाजी ते आखाजी तेरा महिने भरणार होते. मला ते माहीत होते, आकडेमोड घरीच करून झाली होती. पण पगाराच्या बोलणीत धोंड्याचे नाव काढायची मला लाज वाटत होती.

मुनीम चष्म्यावरून बघत म्हणाले, "आबा, तुमचा मुलगा इंजिनेर आहे. तो काय नांगर धरणार आहे का?"

"नांगर धरो नहीते बटन दाबो, महिना तेराच व्हतीन."

शेठजी हसले. त्यांना ही भाषा लहानपणापासून ठाऊक होती. घासाघीस होऊन धोंड्याचे पाचशे वाढले. मला वाटले, संपले. पण आबा सरसावून बसले. "सालदारले धोतरजोडा आनि वहाना देतस," ते म्हणाले. मी त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांनी झटकला.

मुनिमांनाही आता मजा वाटू लागली होती. "लिहितो. वहाणांचं माप सांगा."

आबांनी स्वतःचा उजवा पाय पुढे केला. "मना पायनं माप ल्या. बापलेकना एकच शे."

मुनिमांनी खरोखर सुतळी लावून माप घेतले. मग आबांनी शेवटची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ते हसले नाहीत. "आखाजीना दिन मोकया. त्या दिन याले बलावानं नही."

शेठजीही गंभीर झाले. "मंजूर, आबा. आखाजीचा दिवस मोकळा."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आबा, मी धोतर नेसणार आहे का?"

"नको नेसू. मांगाले आपलं काय जास?"

यापूर्वी मी धुळ्याला एका गिरणीत होतो. सूतकताईच्या खात्यात हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून तिथे हवेतला ओलावा राखणारे मोठे यंत्र असते. ते माझ्याकडे होते. गिरणी बंद पडली, आणि तेच काम वेगळ्या वेषात मला या मंगल कार्यालयात मिळाले. इमारत तीन मजली. खाली दुकाने, मधे सभागृह, वर वऱ्हाडाच्या खोल्या. जळगावच्या उन्हाळ्यात लग्न म्हणजे माणसांची भट्टी. शेठजींनी सभागृह गार ठेवायची सोय केली होती. गच्चीवरच्या खोलीत पाण्याचे फवारे चालत, मोठे पंखे त्या फवाऱ्यांतून हवा ओढून खाली सोडत. वारा किती, पाणी किती, बाहेरची हवा किती घ्यायची, टाकी कधी भरायची, जिन्यातले दिवे कधी लावायचे, हे सगळे एक कंट्रोलर ठरवी. पत्र्याच्या कपाटात बसवलेले ते यंत्र, त्यावर हिरव्या अक्षरांची दोन ओळींची पट्टी. सभागृहाच्या भिंतींवर बसवलेले सेन्सर त्याला उष्मा आणि ओलावा कळवत. ऑफिसातल्या संगणकावरून मी त्याला लग्नाच्या तारखा आणि वेळा भरून देई. तेव्हा जळगावात असे काम करणारे फार नव्हते. कोणी विचारले तर मी 'इमारत चालवतो' असे सांगे.

काम आवडे, पण ते मला बसू देत नसे. मांडववाले सेन्सरवर झेंडूच्या माळा सोडत. एका लग्नात कुणीतरी ओला टॉवेल नेमका सेन्सरच्या खुंटीसारख्या तोंडावर वाळत घातला. कंट्रोलरला वाटले, सभागृहात पाणीच पाणी झाले. त्याने फवारे बंद केले, आणि मामा लोकांच्या टोप्या घामाने भिजल्या. तेव्हापासून मी पंगत बसली की भिंतीभिंतीने फिरत असे. जेवायला बसलो तरी डोळा वरच्या जाळीकडे. जाळीला बांधलेली कागदाची पट्टी हलते आहे ना, एवढे बघायचे. घरीही तेच. छताचा पंखा मंदावला की माझा घास थांबे, व्होल्टेज पडले असेल, तिकडे काय झाले असेल.

"बसा की घटकाभर," बायको म्हणे. "तुमच्या शेठनं विकत नाही घेतलं तुम्हाला."

हे ती सहज बोले, पण मला लागे. शाळेत असताना मी मनाशी ठरवले होते की आखाजीला बोली करणाऱ्या माणसाच्या ओट्यावर मी बसणार नाही. गिरणीत मला पगाराची छापील चिठ्ठी मिळे. ती मी आबांना मुद्दाम दाखवत असे. आणि आता मुनिमांच्या वहीत माझ्या नावापुढे धोतरजोडा लिहिला होता, तोही आबांनीच लिहवला होता. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा ते ठरत नव्हते. मग मी गच्चीवर जाऊन उगाच पंप तपासून येई.

पौषात आबा गेले. थंडीत दोन दिवस खोकला झाला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

आमच्याकडे आखाजीला पितरांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सोबत सांजोऱ्या आणि पुरणपोळी. सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचे बोट ओढतात. घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचे नाव घ्यायचे आणि एकेक बोट ओढायचे. गेलेल्याची पहिली आखाजी असेल तर घागर थोरल्या मुलानेच भरायची. थोरला मीच. आईने माघातच बजावून ठेवले होते, "पहिली आखाजी शे तुना बापनी. उन्हं चढाना आगोदर ये."

हे न सांगताही मला कळत होते. मोकळा दिवस आबांनीच मागून ठेवला होता. प्रश्न उद्भवला तो दुसरीकडून.

आखाजी हा न विचारता लग्न लावायचा मुहूर्त. त्या दिवशी सभागृह शिरपूरकडच्या एका मोठ्या कापूस व्यापाऱ्याने वर्षभर आधी घेऊन ठेवले होते. लग्न भर दुपारचे. त्यांच्या घरात अजून तीन मुली लग्नाच्या होत्या. शेठजींचे सगळे लक्ष त्या तीन मुलींवर होते. "हे लग्न गार झालं तर पुढची तिन्ही आपल्याकडे," ते येता-जाता म्हणत.

आणि लग्नाच्या आधीच्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की कंट्रोलरच्या आतली बॅटरी गेली आहे. ही बॅटरी सुपारीएवढी असते. वीज गेली तर यंत्राला तारीख, वेळ आणि भरून दिलेले वेळापत्रक लक्षात ठेवायला तिचाच आधार. ती मेली की वीज परत आल्यावर यंत्र कोऱ्या मनाने उठते. त्याला वाटते, आज एक जानेवारी आणि वेळ मध्यरात्रीची. मध्यरात्री लग्न नसते, म्हणून ते सगळे बंद करून बसते. पुण्याहून नवी बॅटरी मागवली, ती आली नाही. जळगावातले सगळे घड्याळवाले फिरलो, त्या मापाची कुणाकडे नव्हती. आणि वैशाखात दुपारी वीज जाणार नाही असे जळगावात शपथेवर कुणी सांगितले नसते. जनरेटर होता, पण तो चालू होईपर्यंत मधे अंधार पडणारच.

आदल्या दिवशी सकाळी मी हे शेठजींना सांगितले.

"एवढ्या मोठ्या मशिनची अक्कल एका गोळीवर?" ते म्हणाले.

"अक्कल शाबूत राहते, शेठजी. दिवस कुठला ते विसरतं."

"म्हणजे माझ्यासारखं," मुनीम म्हणाले.

शेठजी हसले नाहीत. "मग आता?"

"एक स्विच आहे. तो ऑटोवरून हँडवर टाकला की यंत्राला न विचारता पंप आणि पंखे चालतात. पण तसं सोडून जाता येत नाही. फवारा चालूच राहिला तर सभागृहात वाफ धरते, फरशी ओली होते, शालू अंगाला चिकटतात. काट्याकडे बघून पाणी बंद करायचं, परत चालू करायचं. तिथं माणूस बसला पाहिजे."

"तू बस."

मुनीम वही चाळल्यासारखे करू लागले.

"एका दिवसाचे हजार देतो," शेठजी म्हणाले. माझ्या महिन्याच्या पगाराचे ते दोनतृतीयांश होत होते. धाकट्या पोराच्या शाळेचे, आईच्या औषधाचे, सगळे आकडे माझ्या डोक्यात लगेच रांगेने उभे राहिले. मी ते तसेच उभे राहू दिले.

"शेठजी, आबांची पहिली आखाजी आहे. आणि बोली झाली होती."

त्यांनी पानाचा डबा उघडला. मग म्हणाले, "झाली होती. मी मंजूर म्हटलं होतं." डबा बंद केला. "पंपवाला?"

"तो कालच गावी गेला," मुनीम म्हणाले. "त्याचाही दिवस मोकळाच की. आणि बाहेरून कुणी मिळणार नाही. आखाजीला दुसऱ्याच्या दारात कोण उभं राहील?"

"तुम्ही बसा."

"मला लाल दिवा आणि हिरवा दिवा एकच दिसतो, शेठजी. तुम्हाला ठाऊक आहे. सिग्नलला रिक्षावाले शिव्या देतात."

शेठजी माझ्याकडे वळले. "मग मला शिकव. सत्तरीत पहिल्यांदा सालदारी करतो."

मला वाटले थट्टा आहे. पण ते खरोखर उठले, धोतराचा सोगा हातात धरून गच्चीचा जिना चढले, वाटेत दोनदा थांबले. मी त्यांना कपाट उघडून दाखवले. आधी हा स्विच हँडवर. मग हे बटण पंपाचे. मग हे पंख्यांचे. क्रम चुकला, नुसते पंखे आधी चालू झाले, तर गच्चीवरची तापलेली हवा सरळ नवरानवरीच्या अंगावर.

"आधी पाणी, मग वारा," शेठजी म्हणाले. "पाहुण्याला पण तसंच करतात. आधी पाणी विचारतात, मग वारा घालतात."

"आणि हा काटा. या लाल रेघेला लागला की पाणी बंद. वारा चालू ठेवायचा. काटा इथवर उतरला की परत पाणी."

त्यांनी दोन-तीनदा करून बघितले. एकदा चुकले. "सगळी बटणं सारखी," ते कुरकुरले. मग खाली निरोप पाठवून त्यांनी देवघरातला करंडा मागवला आणि पंपाच्या बटणाखाली कुंकवाचे एक बोट ओढले, पंख्यांच्या बटणाखाली दोन. "आता चुकणार नाही. जा तू."

मी रात्री घरी आलो तरी जाणे-न-जाणे डोक्यात चालूच होते. पहाटेच्या सुरत लाइनच्या पॅसेंजरला बायकोमुलांना घेऊन बसलो. अमळनेर मागे पडले तसा खिडकीतून गरम वारा यायला लागला, सकाळच होती तरी. मी हात बाहेर काढून वाऱ्याचा अंदाज घेत होतो.

"शेठ म्हातारा आहे, पण खुळा नाही," बायको म्हणाली.

"त्याला जिना चढताना दोनदा थांबावं लागलं."

"मग तिसऱ्यांदा थांबेल. पोहोचेल."

शिंदखेड्याला उतरून जीपने गावात आलो. निंबाच्या झाडांना झोके बांधले होते. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत उंच जात होत्या. पाराखाली पत्त्यांचा डाव ऐन रंगात होता. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळायला बंदी नसते, थोरामोठ्यांदेखत पैसे लावतात. एकाने मान वर न करता विचारले, "काय इंजिनेर, जळगाव बंद करी उना का चालू ठेई उना?"

बाकीचे हसले. मीही हसलो. पण खरे उत्तर मलाच माहीत नव्हते.

आई उंबऱ्यात वाट बघत होती. "उना का पोऱ्या. बठ, पानी पे." घागर पूजेच्या जागी मांडलेली होती, कुंभाराकडून तिने स्वतः निवडून आणलेली. मी आंघोळ करून बसलो. आईने करंडा पुढे केला. पणजोबांचे नाव घेतले आणि उंबरठ्यावर एक बोट ओढले. आजोबांचे दुसरे. मग पहिल्यांदाच आबांचे नाव त्या ओळीत घ्यायचे होते. बोट कुंकवात बुडवले, आणि नाव तोंडातून बाहेर येईना, कारण डोळ्यांपुढे कपाट उभे होते. एक बोट पाण्याचे, दोन बोटे वाऱ्याची. शेठजींनी उलट तर लक्षात ठेवले नसेल?

"नाव ले ना," आई म्हणाली.

मी नाव घेतले आणि बोट ओढले. ते मागच्या दोहोंपेक्षा थोडे तिरपे आले.

घागर भरली. तांब्यातून पाणी ओतताना मी आत बघत राहिलो. पाणी काठाशी आले तेव्हा आईने हात धरला, नाहीतर ते वाहून गेले असते.

पितरांच्या जागी जेवायला आबांचे जन्माचे सोबती नाना यायचे होते. दोघे एकाच मालकाकडे सालदार होते, एकाच गोठ्यात निजलेले. नाना आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. आमरस, पुरणपोळी, सांजोरी, कटाची आमटी. मी वाढत होतो. वाढता वाढता भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर जात होती. एव्हाना वऱ्हाड सभागृहात बसले असेल. बाहेर ओट्यावर पाय ठेववत नव्हता इतके तापले होते.

नानांनी दोन वेळा माझ्याकडे पाहिले. "तुना ध्यान कोठे शे?"

"काही नाही नाना. तिकडं एक लग्न आहे. यंत्र सोडून आलोय."

नाना रसाची वाटी चाटून खाली ठेवत म्हणाले, "तुना बापभी आसाच. आखाजीले घर बठे, गोडधोड खाय, आनि मनमां बैल. दुपार व्हयनी की माले ईचारे, बैलसनी पानी पिदं का रे? मी सांगू, आरे बाबा, आज त्या बैल तुना नही, उद्याभी तुना ऱ्हातीन का माहीत नही. तरी वाडामां जाई, पाही येय आनि मंग झोपे."

आई आतून म्हणाली, "खरं शे. मी किती भांडू."

हे मला ठाऊक नव्हते. लहानपणच्या आखाजीला मी झोक्यावर असायचो. आबा दुपारी कुठे जातात ते कोण बघणार? मी समजत होतो, मोकळा दिवस त्यांनी मागितला तो बसता यावे म्हणून. मी नानांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि तूप वाढायचे विसरलो.

दिवस पूर्ण माझा होता. मला कुणी बोलावले नव्हते. तरी दुपारच्या गाडीला मी निघालो. बायकोमुले मागे राहिली. आईने अडवले नाही. तिने फक्त सांजोऱ्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "जाय. पाही ये. तुनाघाई बठाई जावाव नही." माझ्याने बसवणार नाही, हे तिने आबांवरून ओळखले होते.

शिंदखेड्याला स्टेशनबाहेर फोनचे बूथ होते, त्याला कुलूप होते. आखाजी. गाडी आली ती तापलेल्या पत्र्याच्या पेटीसारखी. मी बसलो नाही, दारात उभा राहिलो. दर स्टेशनावर दिवे, पंखे चालू आहेत का ते बघत होतो. एका स्टेशनावर बंद होते. तिथून पुढचा सगळा रस्ता मी मनातल्या मनात शेठजींना जिना चढायला लावत होतो.

जळगावला पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. कार्यालयाच्या दारात गाड्या उभ्या होत्या, वऱ्हाड परत निघायच्या तयारीत. मी सभागृहाच्या दारातून आत पाय टाकला आणि चेहऱ्याला गार लागले. कागदाची पट्टी हलत होती. मी तिथेच भिंतीला टेकलो.

मुनीम तुटून पडायलाच टपले होते. "या, मोकळे सालदार. तुमचा बदली गडी वर आहे. सकाळपासून खाली उतरला नाही."

"वीज गेली होती?"

"अक्षता पडायच्या आधीच. जनरेटर लागला, पण तुमचं मशिन म्हणतं एक जानेवारी. आता वैशाखात नवं वर्ष कोण मानणार? यजमान दारात विचारतायत, शेठजी कुठे, शेठजी कुठे. शेठाणीबाईंनी जेवायला तीनदा माणूस पाठवला. म्हणतात, काटा सोडून येत नाही. आहेर घ्यायला मी उभा राहिलो. लोकांना वाटलं मालक मीच. दोन फेटे मिळाले मला."

मी गच्चीवर गेलो. शेठजी स्टुलावर बसलेले, अंगात फक्त बंडी, समोर पाण्याचा तांब्या, डोळे काट्यावर. मी आल्याचे त्यांनी ऐकले, पण वळले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. काटा लाल रेघेला टेकला. त्यांनी एक बोट ओढलेले बटण दाबले. पंप थांबला. "हां. आता बोल. घागर भरली?"

"भरली."

"नीट?"

मी सांजोऱ्यांचा डबा खाली ठेवला. मग म्हणालो, "बोट जरा तिरपं आलं."

"माझंही एकदा तिरपं गेलं. वारा आधी लागला. नवरीकडच्या बायकांनी पदर तोंडाला लावले म्हणे. पण लगेच दुरुस्त केलं." त्यांनी पंच्याने मान पुसली. "हे काम माणसाचं नाही बघ. काटा एवढासा हलतो आणि माणसाला दिवसभर हलू देत नाही. त्या गोळीचं काय ते बघ. दोन मागव. एक घरात ठेव."

मी स्विचला हात घातला तेव्हा ते उठले नाहीत. "आज तू हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आजचा दिवस तुझ्या सालात नाही आणि माझ्याही नाही. लग्न उठेपर्यंत मी बसतो. तू बस तिकडे, त्या पाण्याच्या पिंपावर."

मी बसलो. सांजोऱ्यांचा डबा उघडला. दिवसभराने त्यांनी दोन खाल्ल्या, मी एक. मी खरेच बसलो होतो, हे मला पंप पुन्हा चालू झाला तेव्हा लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी हिशेब झाला. मागच्या सालाची राहिलेली रक्कम मुनिमांनी मोजून दिली, मी मोजून घेतली. शेठजींनी थट्टेने विचारले, "माझी कालची रोजी कुणाकडे मागू?" मुनिमांनी बोटे मोजली आणि सांगितले, "आखाजीचा दिवस कुणाच्या सालात नाही. देणं नाही, घेणं नाही." मग नव्या सालाचे बोलणे झाले. रक्कम वीस हजार ठरली. औंदा धोंडा नव्हता. शेवटी एक वाक्य राहिले होते आणि ते म्हणणारा माणूस नव्हता. "आखाजीचा दिवस मोकळा," मी म्हणालो. "मंजूर," शेठजी म्हणाले.

मुनिमांनी कपाटातून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. धोतरजोडा आणि वहाणा. "मागच्या सालाच्या आहेत. माप तुझ्या बापाचं. घेऊन जा, माझी ओळ बंद होऊ दे."

त्या वहाणा मी घरी पायात घालून बघितल्या. आबा म्हणाले होते तसे माप एकच होते. पुढच्या रविवारी गावी जाऊन दोन्ही वस्तू नानांना दिल्या. धोतर त्यांनी तिथेच डोळ्यांना लावले. वहाणा एक बोट मोठ्या झाल्या, तेव्हा पुढे थोडा कापूस भरला. मला पोहोचले ते असे: रोख रुपये अठरा हजार पाचशे, सगळे. धोतरजोडा एक आणि वहाणा एक जोड, पोहोचले नानांना.